शिवण कारखान्यातली कंबरदुखी : बारा आठवड्यांच्या व्यायामाच्या नोंदी

ठिकाण सोलापूर. शाळेचे गणवेश शिवणारा कारखाना. एकूण १९ माणसं: मशीनवर १५ महिला, एक कटिंग मास्तर, एक इस्त्रीवाले आणि कापडाचे ताके उचलणारे दोघे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा काम. शाळा सुरू होण्याआधीची घाई उरकली की निम्म्या लोकांची कंबर धरलेली असते, म्हणून जुलै ते सप्टेंबर हा काळ निवडला. असाच प्रयोग दुसरीकडे कुणी करणार असेल तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. चुका जशा झाल्या तशाच लिहिल्या आहेत.

२४ जून २०२४, सोमवार. चाळणी

व्यायामाआधी प्रत्येकाला एकेकटं बसवून तेच प्रश्न विचारले. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला आहे का? मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसण्याच्या जागेवर बधिरपणा आहे का? पाय दिवसेंदिवस अशक्त होतोय का? ताप, कारण नसताना वजन घटणं, कूस बदलूनही न थांबणारी रात्रीची कळ, पूर्वी झालेला कॅन्सर, अलीकडे पडणं, बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या. यातलं एकही ‘हो’ आलं की आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. पहिले दोन प्रश्न लोक लाजून टाळतात. महिलांना ते महिलेनेच आणि आडोशाला विचारायला हवेत. घोळक्यात विचारले तर सगळ्यांचं उत्तर ‘नाही’ असंच येतं.

एक बाई साठीच्या पुढच्या, महिन्यापूर्वी शिडीवरून पडलेल्या. ‘उसण भरली आहे’ एवढंच त्या सांगत होत्या. एक्सरेत मणका दबलेला निघाला. त्यांना गटातून वगळलं. हाड ठिसूळ होऊन मणका दबलेला असताना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले असते तर नुकसान वाढलं असतं. चाळणीला अख्खा दिवस गेला, पण एवढ्या एका गोष्टीसाठी तो लागलाच असता. उरले १८.

१ जुलै. मोजमाप

चार गोष्टी मोजल्या: दुखणं ० ते १० मध्ये किती, गुडघे टेकवून कुशीवरचा प्लँक (कुशीवर होऊन कोपर आणि गुडघ्यांच्या आधाराने कंबर उचलून धरणं) दोन्ही बाजूंनी किती सेकंद, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठबस, आणि सलग किती वेळ बसता येतं.

पाठीचा टिकाव मोजण्यासाठी पालथं झोपवून, कमरेपासून वरचं धड टेबलाबाहेर अधांतरी धरायची चाचणी ठरवली होती. कटिंग टेबलावर ती फसली. टेबलाची पत्र्याची कड पोटात रुतली, साडी सावरताना तोल जाऊ लागला, आणि दोघींनी घाबरून श्वासच रोखून धरला. रक्तदाब असलेल्यांसाठी हे धोक्याचं आहे. तिसऱ्या बाईनंतर ही चाचणी रद्द केली. यात पाऊण तास गेला.

कुशीवरचा प्लँक ८ ते २५ सेकंद टिकला. पण सेकंदांहून महत्त्वाचा निघाला डाव्या-उजव्यातला फरक. सहा जणींची एक बाजू दुसरीच्या निम्मीच टिकत होती. त्यांच्या तक्त्यावर खूण केली.

सामान: ८ योगा मॅट, प्रत्येकी ३५० रुपये, एकूण २,८००. हा खर्च घाईचा ठरला, पुढे लिहिलं आहे.

३ जुलै. पहिली मोठी चूक

व्यायाम चारच ठेवले होते. गुडघे-तळहातांवर राहून पाठ वर-खाली करणं, म्हणजे मार्जारासन, ७ वेळा. मग अर्धी उचल (उताणं झोपून फक्त डोकं-खांदे किंचित उचलणं), कुशीवरचा प्लँक आणि बर्ड डॉग, म्हणजे चौपायी राहून विरुद्ध बाजूचा हात आणि पाय लांब करणं. शेवटचे तीन कॅनडातले संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी मांडलेले आहेत. ते निवडले, कारण त्यात मणक्यावरचा दाब कमी राहतो आणि स्नायूंचा टिकाव वाढतो. निवड बरोबरच होती. मात्रा चुकली.

सगळ्यांना सरसकट १० सेकंदांचे १० धरणे, म्हणजे त्याच स्थितीत १० सेकंद स्थिर राहणं १० वेळा, दिले. दुसऱ्या दिवशी नऊ जणांची पोटं आणि कुशी इतकी दुखत होती की हसताही येईना. दोघी कामावर आल्या नाहीत. मालकांचा पहिला प्रश्न साहजिकच होता: हे कंबरदुखी घालवण्यासाठी आहे की वाढवण्यासाठी?

दुरुस्ती: धरणं ८ सेकंदांचं. पहिल्या फेरीत ४ वेळा, थोडी विश्रांती, मग ३, मग २. फेरीगणिक संख्या उतरती ठेवायची, म्हणजे थकलेल्या शरीराने चुकीच्या ढबीत व्यायाम होत नाही. दर आठवड्याला संख्या एकाने वाढवायची, सेकंद १० च्या पुढे न्यायचे नाहीत. टिकाव वाढवण्यासाठी जास्त वेळ धरण्यापेक्षा जास्त वेळा धरणं चांगलं.

भिंतीवर लिहून लावलेला नियम: व्यायाम करताना दुखणं नेहमीपेक्षा २ आकड्यांपर्यंत वाढलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं पाहिजे. दोन्हीकडचे स्नायू सारखे ठसठसले तर घाबरू नये, दोन-तीन दिवसांत जातं. कळ पायात उतरली तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा.

५ जुलै. मॅट आणि साडी

शहाबादी फरशीवर सुताचं बारीक तूस पसरलेलं असतं. त्यावर मॅट घसरतात. बर्ड डॉगमध्ये हात पुढे केला की मॅट मागे. शेवटी फरशी ओल्या फडक्याने पुसून सतरंजी घातली आणि दोन मॅट कापून गुडघ्यांखाली घ्यायचे तुकडे केले. सतरंजी कारखान्यातच पडून होती. गुडघ्यांखाली चौघडी घातलेली सोलापुरी चादरही तितकीच चालते. म्हणजे मॅट घेतल्याच नसत्या तरी अडलं नसतं.

साडीत बर्ड डॉग होत नाही. गुडघा निऱ्यांवर येतो आणि पाय मागे जातच नाही. काहींनी सलवार आणली, काहींना ते नको होतं. त्यांच्यासाठी उभ्याचा प्रकार केला: कटिंग टेबलावर दोन्ही तळहात, धड पुढे झुकलेलं, मग एक हात पुढे आणि विरुद्ध पाय मागे वीतभर. परिणाम थोडा सौम्य, पण रोज होतो. व्यायामाच्या वेळी गोदामाचं दार लावून घ्यायचं हेही त्याच दिवशी ठरलं. तोवर हमाल आत-बाहेर करत होते आणि निम्म्या जणी व्यायाम करण्यापेक्षा पदरच सावरत होत्या.

८ जुलै. वेळ चुकली होती

सोमवार-बुधवार-शुक्रवार कारखान्यात आणि बाकीचे दिवस ‘सकाळी उठल्या उठल्या घरी’, असं सांगितलं होतं. उठल्याबरोबर म्हणजे व्यायाम टळत नाही, हा हिशोब. तो साफ चुकला.

रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. तेव्हा पुढे वाकलं की त्यांच्यावर दिवसभरात कधी नसतो इतका ताण येतो. सकाळी उठल्यानंतरच्या सुरुवातीच्या वेळात पुढे वाकणं टाळायचं, एवढ्या एका सवयीने जुनी कंबरदुखी कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. इथे तिघींनी ‘व्यायामच करायचा ना’ म्हणून उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरायला सुरुवात केली होती. त्यातल्या एकीला शनिवारी उसण भरली.

मग पहिल्या तासात घरी आणखी काय होतं ते विचारलं. केरसुणीने झाडणं, अंगणात सडा, वाकून पाणी भरणं, खाली बसून भाकरी थापणं. सगळं पुढे वाकूनच. व्यायामापेक्षा मोठं कारण इथे होतं आणि चाळणीत ते आम्ही विचारलंच नव्हतं. पहिल्या दिवशी नोकरीची माहिती घेतली, घरची नाही. हा प्रश्न आधीच यादीत घालावा.

बदल: केरसुणीऐवजी लांब दांड्याचा झाडू, किंवा झाडणं तासाभराने. भाकरी शक्य असेल तिथे ओट्यावर. खालीच बसायचं तर पाट, म्हणजे गुडघे छातीशी येत नाहीत. घरचा व्यायाम सकाळऐवजी संध्याकाळी, आणि कारखान्यातला अकराच्या चहाआधी १८ मिनिटं. ही १८ मिनिटं कामाच्या वेळातली. ती जेवणाच्या सुट्टीतून काढायचा विचार होता, पण भरल्या पोटी अर्धी उचल कुणालाच जमत नाही.

चालणंही याच आठवड्यात जोडलं. गेल्या महिन्यातच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातली ७०१ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं आणि सोबत मार्गदर्शन दिलं, तर दुखणं पुन्हा येईपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर) २०८ दिवस. काहीच न दिलेल्यांत तो ११२. इतकी स्वस्त गोष्ट सोडून चालणार नव्हती. सुरुवात १० मिनिटांनी, आठवड्यातून ५ दिवस, ध्येय ३० मिनिटं. पावसाने रस्ते निसरडे असले की कारखान्याच्या आतल्या मोकळ्या पट्ट्यातच फेऱ्या.

१५ जुलै. पायात उतरणारी कळ: दोघांना एकच औषध

दोघांची कळ पायात उतरत होती. दोघांनाही पालथं झोपून मागे वाकण्याचा व्यायाम दिला. आधी दोन मिनिटं नुसतं पालथं पडणं, मग कोपरांवर, मग तळहातांवर जोर देऊन कंबर खालीच ठेवून छाती उचलणं, १० वेळा, दर दोन-तीन तासांनी.

पहिली, मशीनवरची, पस्तिशीतली. बसलं की कळ पोटरीपर्यंत जायची. तीन दिवसांत ती पोटरीतून मांडीत आणि तिथून कुल्ल्यात सरकली. कमरेत मात्र थोडं जास्त दुखू लागलं, म्हणून ती सोडायला निघाली होती. तिला समजावलं की कळ पायातून वर, कमरेकडे गोळा होत असेल तर दिशा बरोबर आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

दुसरे इस्त्रीवाले, वय ६३. उभं राहिलं, चाललं की दोन्ही पाय भरून येतात आणि खाली बसलं की मोकळं होतं. सायकलवर काही त्रास नाही. हे लक्षण मज्जारज्जूची वाट अरुंद झाल्याचं असतं. मागे वाकलं की ती वाट आणखी आवळते. दोन दिवसांत त्यांचं चालण्याचं अंतर निम्म्यावर आलं. व्यायाम तात्काळ बंद करून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. परत आल्यावर उताणं झोपून गुडघे छातीशी घेणं, चालण्याऐवजी सायकल, आणि इस्त्रीच्या टेबलाखाली वीतभर उंच फळी, त्यावर आलटून पालटून एक पाय. ‘कोणत्या हालचालीने दुखणं कमी होतं?’ हा एक प्रश्न आधी विचारला असता तर ही चूक टळली असती.

१७ जुलै. आषाढी

कारखाना बंद. चौघी वाखरीपासून दिंडीत चालून पंढरपूरला गेल्या. तिघी उपवासाने थकून पुढचे दोन दिवस घरी. खंड पडला की थांबलो तिथून पुन्हा सुरू करायचं नाही. आठवडाभराचा खंड असेल तर दोन-तृतीयांश संख्येवरून सुरुवात. चालणाऱ्या चौघींची कंबर मात्र मोकळी होती. दुखरे होते ते पायांचे तळवे.

२२ जुलै. स्टूल आणि घंटा

स्टुलाच्या मागच्या दोन पायांखाली लाकडी पाचर घातली, म्हणजे बैठक किंचित पुढे कलते, मांड्या उतरत्या होतात आणि कमरेचा बाक टिकतो. ३० पाचरी, प्रत्येकी २० रुपये, ६०० रुपये. पहिल्या पाचरी ३ सेंटीमीटरच्या केल्या होत्या. सिंथेटिक साडी आणि गुळगुळीत लाकूड, त्यामुळे सगळ्या जणी पुढे घसरू लागल्या आणि सावरण्यासाठी पायडलवर भार देऊ लागल्या. सुताराकडून त्याच पाचरी तासून दीड सेंटीमीटर केल्या, वर गोणपाटाचं आच्छादन शिवलं. हे जमलं.

दर ३५ मिनिटांनी उठण्यासाठी ४५० रुपयांची घंटा आणली. चार दिवसांत कुणी तिच्याकडे लक्ष देईना. शिवण अर्धी असताना कुणीही उठत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, टाका वाकडा जातो. घंटा काढली. त्याऐवजी उठणं जुडीला बांधलं: ३० नगांची जुडी संपली की ती स्वतः उठून टेबलावर ठेवायची, तिथेच कमरेवर हात ठेवून ५ वेळा मागे झुकायचं, आणि नवी जुडी घेऊन यायचं. आधी हे ने-आण करायला एक मुलगा होता. त्याला दुसरं काम दिलं. या एका बदलाचा परिणाम सगळ्या व्यायामांइतका वाटतो, आणि खर्च शून्य.

२९ जुलै. ताके उचलणारे

काट्यावर ताके तोलले: २२ ते २८ किलो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या सूत्रात उचलण्याची कमाल मर्यादा २३ किलो आहे, तीही सगळं अनुकूल असताना. वजन शरीरापासून २५ सेंटीमीटरऐवजी ५० सेंटीमीटरवर असलं की मर्यादा निम्मी. जमिनीवरून उचलायचं असलं की आणखी सुमारे २२ टक्के कमी. म्हणजे इथे दोघे उचलत होते त्या पद्धतीत मर्यादा ९ किलोच्या आत येते. असा भार रोज येत राहिला तर कितीही व्यायाम केला तरी पुरणार नाही.

जुन्या लाकडी पॅलेट (माल ठेवायच्या चौकटी) ४, प्रत्येकी २०० रुपये. एकावर एक ठेवून ताक्यांची थप्पी मांडीच्या उंचीवर आणली. २३ किलोच्या पुढचा ताका दोघांनी मिळूनच उचलायचा.

उचलण्याचा सराव: बांबूची काठी पाठीला लावायची, डोकं, खांद्यांमधली जागा आणि माकडहाड असे तीन बिंदू काठीला चिकटलेले. गुडघे थोडे सैल ठेवून कुल्ले मागे ढकलत वाकायचं. तिन्हीपैकी एक बिंदू सुटला की वाकणं कमरेतून झालं. ६ काठ्या, १८० रुपये. पहिल्या आठवड्यात नुसती काठी, मग ५ लीटर पाण्याचा कॅन, मग दोन्ही हातांत दोन, मग २० लीटरचा जार. ८ वेळा, ३ फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. थोरल्या हमालाने तिसऱ्याच दिवशी थेट जार उचलला. वजन पेललं, पण काठी सुटली. त्याला एक पायरी मागे आणलं.

५ ऑगस्ट. ढब बिघडत चालली आहे

पाच आठवडे झाले, संख्या वाढल्या, पण चौघींचं दुखणं हलेना. बाजूला बसून नुसतं पाहिलं.

अर्ध्या उचलीत सगळ्या हनुवटी छातीला लावून मान ओढत होत्या. एक गुडघा वाकलेला, एक पाय सरळ, दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली, आणि डोकं-खांदे इतकेच उचलायचे की डोक्याखालून कागद सरकावा. तळहातांवर कंबर दाबली जाऊ लागली तर उचल जास्त झाली.

बर्ड डॉगमध्ये पाय कुल्ल्यापेक्षा वर जात होता, म्हणजे कंबर मागे मुडपत होती. कमरेवर कटिंगची लाकडी फूटपट्टी आडवी ठेवली. पडली की पाय वर गेला. दोन दिवसांत सगळ्यांना समजलं.

आणि सेकंद. ‘एक, दोन, तीन’ म्हणणारी थकली की दहा आकडे सहा सेकंदांत संपतात. सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ, २५० रुपये. मोजणं सगळ्यांनी मोठ्याने. बोलताना श्वास रोखला जात नाही.

ज्यांची एक बाजू दुबळी, त्यांनी त्या बाजूची फेरी आधी आणि एक जास्त.

१२ ऑगस्ट. पट्टे

तिघींनी औषधाच्या दुकानातून कमरेचे पट्टे आणले, ६०० ते ९०० रुपयांचे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुन्या कंबरदुखीसाठी पट्टा वापरू नये असंच सुचवलं आहे. आम्ही ओरडलो नाही, कारण पट्टा लावला की त्यांना धीर येतो आणि त्या चालतात. दर आठवड्याला वापर दोन तासांनी कमी, आणि चालताना व व्यायामाला पट्टा नाही.

२० ऑगस्ट. राखीनंतर

एसटीत पाच-सहा तास बसून आलेल्या पाच जणींची कंबर धरली. एकीला उठताना भिंतीचा आधार लागत होता. चाळणीचे प्रश्न पुन्हा विचारले, काही गंभीर नव्हतं. पूर्ण झोपून राहायचं नाही. दिवसात सहा वेळा ५ मिनिटं चालणं, गरम पाण्याची पिशवी, मार्जारासन आणि अर्धी संख्या. पाचव्या दिवशी चौघी पूर्ववत, पाचवीला दहा दिवस लागले. प्रवासाआधी सांगायला हवं होतं: तासाभराने गाडीतच उभं राहा, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल.

२३ सप्टेंबर. पुन्हा मोजमाप

गणपतीत आठवडा पुन्हा विस्कळीत. १८ पैकी १४ टिकले. सोडलेल्या चौघींपैकी दोघींनी कामच सोडलं, दोघींना घरी वेळ मिळेना.

कुशीवरचा प्लँक आता २० ते ५० सेकंद, सहापैकी चार जणींच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या. अकरा जणांचं दुखणं किमान २ आकड्यांनी उतरलं. तिघांचं तेवढंच आहे, पण सलग बसण्याचा वेळ वाढला आहे. इस्त्रीवाल्यांचे पाय अजून भरून येतात, फक्त जास्त अंतरानंतर.

एकूण खर्च ५,०८० रुपये. त्यातले मॅट आणि घंटेचे ३,२५० वाचवता आले असते.

यापुढे आठवड्यातून तीन दिवस तेच १८ मिनिटं आणि चालणं पाच दिवस. दुखणं गेल्यावर व्यायाम सुटतो आणि काही महिन्यांनी उसण परत येते, म्हणून हजेरीचा तक्ता गोदामाच्या दारावरच ठेवला आहे. वही सांभाळायला मशीनवरच्या दोघी तयार झाल्या आहेत. वगळलेल्या बाईंना डॉक्टरांनी हलक्या व्यायामाची परवानगी दिली आहे. त्यांचा पुढे न वाकण्याचा वेगळा क्रम शुक्रवारपासून: भिंतीला टेकून उभं राहणं, खुर्चीतून उठबस ५ वेळा, १० मिनिटं चालणं.